एकाच घरात तीन अहवाल, तिन्हींवर जंतूचे नाव एकच: हा जंतू एकच समजावा काय?

वावरवाला (यवतमाळ जिल्हा) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात कोरडवाहू शेती करतो. विज्ञानाचे शिक्षण बारावीपर्यंतच झालेले आहे, म्हणून उत्तरे थोड्या विस्ताराने दिल्यास बरे होईल.

कापसाची उलंगवाडी (शेवटची वेचणी) झाल्यानंतर पऱ्हाटी काढताना माझ्या काकांच्या टाचेत धसकट घुसले. वरची जखम लवकरच भरून आली, परंतु पाय ठणकत राहिला आणि पावसाळा लागेपर्यंत टाचेजवळ एक छिद्र पडून त्यातून अधूनमधून पू येऊ लागला. शेवटी शस्त्रक्रिया झाली, हाडाचा तुकडा तपासणीस गेला आणि अहवालात ‘स्टॅफिलोकोकस ऑरियस’ असे नाव आले. त्याच सुमारास काकूंच्या काखेत वारंवार गळवे उठत होती. त्या पुवाच्या अहवालातही हेच नाव होते. दिवाळीनंतर आमच्या गाईच्या एका सडाला दगडी (कासदाह) झाली आणि दुधाच्या तपासणीतही पुन्हा तेच नाव निघाले.

आता घरात असे बोलले जाते की हा एकच जंतू गाईकडून काकूंकडे आणि काकूंकडून काकांकडे फिरतो आहे, तेव्हा गाय विकून टाकावी. माझी शंका अशी की जंतू एकच असेल, तर काकूंच्या काखेत तो आठवडाभरात गळू पिकवून फोडतो आणि काकांच्या हाडात मात्र महिनोन्‌महिने ताप न आणता दबून बसतो, हे कसे? तिन्ही अहवालांत लागू पडणाऱ्या औषधांची यादीही सारखी नाही. जंतू ज्या जागी जातो त्या जागेप्रमाणे स्वतःला बदलतो काय, की प्रत्येक जागेचा जंतू मुळातच वेगळा असतो?

अध्यापक_वर्धा (सूक्ष्मजीवशास्त्र) यांचा प्रतिसाद

भाऊ, तुमच्या शेवटच्या वाक्यातील दोन्ही शक्यता खऱ्या आहेत आणि कोणत्या वेळी कोणती लागू पडते हे ओळखणे हाच या विषयातील कठीण भाग आहे.

अहवालावर जे लिहिलेले असते ते प्रजातीचे नाव असते. सातबाऱ्यावर ‘कापूस’ अशी पीकनोंद असली तरी त्यावरून वाण कोणता, ओलिताचा की कोरडवाहू, हे कळत नाही. या अहवालाचेही तसेच आहे. स्टॅफिलोकोकस ऑरियसच्या कोणत्याही दोन वाणांत साधारण तीन-चतुर्थांश जनुके समान असतात, पण उरलेल्या चौथ्या हिश्शात विषे, चिकटण्याची प्रथिने, औषधांना दाद न देण्याची साधने असा बराच ऐवज असतो आणि तो वाणागणिक निराळा असतो. हा जंतू सुमारे २० ते ३० टक्के प्रौढ माणसांच्या नाकात काहीही त्रास न देता राहत असतो. त्यामुळे एका घरात तो तीन ठिकाणी सापडला, एवढ्यावरून तो एकाकडून दुसऱ्याकडे गेला असे सिद्ध होत नाही.

जागेचा प्रश्न आधी ई. कोलाय या जंतूवरून समजून घेतला तर सोपा जातो, कारण त्याच्यावर अभ्यास फार झालेला आहे. थिओडोर एशरिश यांनी १८८५ मध्ये तान्ह्या मुलांच्या विष्ठेतून त्याचे वर्णन केले आणि तो आपल्या सर्वांच्या आतड्यात असतोच. आतड्यातील हाच रहिवासी मूत्राशयात पोहोचला की त्याच्यापुढे वेगळ्या अडचणी उभ्या राहतात: लघवीचा प्रवाह त्याला सतत बाहेर लोटत असतो, अन्न तुटपुंजे असते आणि लोह जवळजवळ नसतेच. तेथे टिकणाऱ्या वाणांच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू असतात आणि त्यांच्या टोकाशी फिम-एच नावाचे प्रथिन असते, जे मूत्राशयाच्या अस्तरावरील मॅनोज या शर्करेला घट्ट पकडते. मूत्रपिंडापर्यंत चढणाऱ्या वाणांजवळ बहुधा आणखी एका जातीचे तंतू असतात, जे मूत्रपिंडातील निराळ्या शर्करेला धरतात. लोहासाठी हे वाण एकाऐवजी तीन-चार प्रकारचे लोहग्राही रेणू बाहेर सोडतात. नवजात बालकांच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या ई. कोलायपैकी बहुसंख्य वाणांवर के-१ नावाचे आवरण असते आणि त्याची रासायनिक घडण आपल्याच चेतापेशींवरील एका शर्करासाखळीसारखी असल्यामुळे शरीराची पहारा देणारी यंत्रणा त्याला परके म्हणून ओळखण्यात कमी पडते. नाव सगळीकडे ई. कोलाय, पण हे वाण त्या त्या जागेसाठी लागणारी सामग्री आधीच घेऊन आलेले असतात.

दुसरा प्रकार त्याच जंतूने कळ (बटण) फिरवण्याचा आहे. ई. कोलायच्या ज्या तंतूंचा उल्लेख केला, त्यांच्या जनुकांपुढे ३१४ अक्षरांचा एक डीएनए-तुकडा असतो; तो एका दिशेने असला की तंतू तयार होतात आणि उलटला की बंद पडतात. एकाच वसाहतीत (एकत्र वाढलेल्या जंतूंच्या ठिपक्यात) काही पेशींची कळ चालू आणि काहींची बंद अशी स्थिती असते, त्यामुळे जागा बदलली की त्यांतील कोणी तरी योग्य तयारीत सापडतोच. हा बदल उलटसुलट होऊ शकतो, म्हणून याला कायमचे रूपांतर म्हणता येत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे त्याच रुग्णाच्या शरीरात, त्याच जागी, पिढ्या पालटता पालटता घडलेले उत्परिवर्तन. तुमच्या काकांच्या हाडाचा प्रश्न बहुधा येथे येतो.

‘जंतू स्वतःला बदलतो’ असे आपण बोलतो, परंतु त्यात हेतू गृहीत धरला जातो. प्रत्यक्षात जंतूंच्या वाढीत चुका होत राहतात, त्यांपैकी बहुतेक निरुपयोगी किंवा घातक असतात, आणि एखादी चूक त्या विशिष्ट जागेत फायद्याची ठरली की त्या पेशीची संतती बाकीच्यांना मागे टाकते. म्हणून जुन्या संसर्गातील जंतू पाहिला, तर तो कशातून निभावून निघाला याच्या खुणा त्याच्या जनुकांवर दिसतात.

याचे सर्वांत तपशीलवार पुरावे स्यूडोमोनास एरुजिनोसा या जंतूच्या फुप्फुसातील जुन्या संसर्गातून मिळालेले आहेत. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांत हा जंतू वर्षानुवर्षे राहतो आणि त्या काळात त्याचे ‘म्यूक-ए’ हे जनुक बिघडून तो अल्जिनेटचा चिकट लेप भरमसाट बनवू लागतो. पुढे त्याची पोहण्याची शेपटी जाते आणि आपापसांतील रासायनिक संदेशांचे मुख्य जनुक ‘लास-आर’ हेही अनेकदा निकामी होते. आपल्याकडे तो आजार क्वचित निदान होतो, पण क्षयरोगानंतर श्वासनलिका फुगून राहिलेल्या रुग्णांच्या थुंकीतही असा चिकट, लाळेसारख्या वसाहतींचा स्यूडोमोनास सापडतो. गंमत अशी की जुळवून घेताना जंतू नवे काही मिळवण्यापेक्षा जुनेच अधिक टाकून देतो.

गोठ्याचा_डॉक्टर (पशुवैद्यक, अमरावती विभाग) यांचा प्रतिसाद

गाय विकण्याची घाई करू नका, एवढे आधी सांगतो.

गाईच्या कासेत राहणारे स्टॅफिलोकोकस ऑरियसचे वाण आणि माणसांच्या नाकात राहणारे वाण यांच्यात बऱ्याच अंशी वंशभेद आहे. कासेतील अनेक वाण ल्यूक-एम-एफ नावाचे विष तयार करतात, जे गाईच्या श्वेतपेशींवर फार जोराने काम करते. काहींजवळ रक्त गोठवणारे असे प्रथिन असते जे गाईच्या रक्तद्रवावर विशेष प्रभावी ठरते. याउलट माणसांतील बहुतेक वाणांत एका विषाणूने, म्हणजे जंतूंना लागणाऱ्या विषाणूने, आणून घातलेला जनुकांचा एक गट असतो, जो केवळ माणसाच्या प्रतिकारशक्तीला चकवण्याच्या कामाचा आहे. जनावरांतील वाणांत तो सहसा आढळत नाही, कारण तेथे त्याचा काही उपयोग नाही.

म्हणून गाईकडून काकूंकडे आणि तेथून काकांच्या हाडात ही साखळी मला तरी कमी संभवनीय वाटते. अशक्य नाही. माणसांकडून जनावरांकडे आणि जनावरांकडून माणसांकडे या जंतूने इतिहासात उड्या मारलेल्या आहेत, आणि कधी कधी उडीसाठी लागणारा बदल चकित करण्याइतका लहान असतो: माणसांतील एका वाणात ‘डीएलटी-बी’ या जनुकातील एकाच अक्षराचा बदल झाला आणि तो सशांना बाधू लागला, असे २०१५ मध्ये दाखवले गेले. दूध काढणाऱ्याच्या हातांवरून जंतू एका सडातून दुसऱ्या सडात आणि एका जनावरातून दुसऱ्यात जातो हे मात्र रोजच्या व्यवहारातले आहे. त्यामुळे दगडी झालेल्या जनावराचे दूध सर्वांत शेवटी काढावे, त्यानंतर हात साबणाने धुवावेत, सड औषधी द्रावणात बुडवावेत, आणि काकूंच्या काखेत गळू वाहत असेल तेव्हा धार त्यांनी काढू नये.

दूध ही जागाही तपासून पाहण्यासारखी आहे. दुधात लोह असते, पण ते लॅक्टोफेरिन आणि सायट्रेट यांच्या ताब्यात असते. ई. कोलायमुळे होणाऱ्या कासदाहात लोह-सायट्रेट ओढून घेणारी ‘फेक’ ही जनुकसाखळी जंतूला आवश्यक असते असे आढळले आहे; मूत्राशयात गाजणारे तंतू मात्र तेथे तितके महत्त्वाचे ठरत नाहीत. अध्यापक महाशयांनी लिहिलेले ‘जागेची सामग्री’ हे प्रकरण गोठ्यातही असेच चालते.

वावरवाला यांची पुढील शंका

दोघांचेही आभार. गाईचे कोडे बरेच सुटले. आता हाडाचे राहिले. काकांच्या नाकात हा जंतू आधीपासून असेल आणि तोच टाचेत गेला असेल, तर नाकातला जंतू आणि हाडातला जंतू यांत खरोखर फरक दिसतो काय, आणि तो किती काळात पडतो?

अध्यापक_वर्धा यांचा प्रतिसाद

दिसतो, आणि संख्येने थोड्या बदलांतच दिसतो. रक्तात स्टॅफिलोकोकस ऑरियस शिरलेल्या आणि नाकातही तो असलेल्या रुग्णांत दहापैकी सुमारे आठ जणांच्या रक्तातील आणि नाकातील जंतू एकाच वंशाचे निघतात, हे २००१ पासून ठाऊक आहे. पुढे संपूर्ण जनुकसंच वाचण्याची सोय झाल्यावर अशा एका व्यक्तीचा माग काढला गेला, जिच्या नाकात हा जंतू वर्षभराहून अधिक काळ होता आणि नंतर तो रक्तात उतरला. सुमारे अठ्ठावीस लाख अक्षरांच्या जनुकसंचात नाकातील आणि रक्तातील जंतूंमध्ये अवघे आठ बदल होते, परंतु त्यांतील निम्म्या बदलांमुळे प्रथिने अर्धवट तुटलेली तयार होत होती. नंतर १०५ रुग्णांवर हेच काम झाले तेव्हा जंतूंच्या परस्परसंदेशाची ‘एजीआर’ यंत्रणा आणि विषांवर नियंत्रण ठेवणारी काही जनुके पुन्हा पुन्हा बदललेली आढळली. एकच जनुक निरनिराळ्या रुग्णांत स्वतंत्रपणे बिघडते, तेव्हा तो योगायोग नसून निवड आहे असे मानण्यास बळकट आधार मिळतो.

हाडाची जागा तर फारच विलक्षण आहे. हा जंतू आपल्या ऊतींतील कोलॅजनला आणि फायब्रोनेक्टिनला धरणाऱ्या प्रथिनांच्या साहाय्याने हाडावर बसतो, हाड घडवणाऱ्या पेशींच्या आत शिरतो आणि तेथे विषांचे उत्पादन कमी करून मंद गतीने जगतो. विषे कमी झाली की पेशी मरत नाही आणि पेशी जिवंत राहिली की आत दडलेला जंतू सुरक्षित राहतो. २०१७ मध्ये उंदरांच्या हाडांचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण केले असता, एरवी गोल आणि सुमारे एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाचा हा जंतू हाडातील त्याहूनही अरुंद सूक्ष्म नळ्यांत अक्षरशः ताणून शिरलेला दिसला. श्वेतपेशी तेथे पोहोचू शकत नाहीत. काखेतील गळू मात्र मऊ ऊतीत असते. तेथे जंतू विषे सोडतो, श्वेतपेशी झुंडीने येतात, पू होतो आणि तो फुटून जंतू बाहेर पडतो. दोन्ही ठिकाणी प्रजाती एक असली तरी डाव निराळे आहेत, आणि हाडात दबून बसण्याचा डाव जंतूला पुढच्या माणसापर्यंत पोहोचवत नाही. म्हणूनच अशी रूपे बहुधा त्या रुग्णाबरोबरच संपतात. काकांच्या हाडात तयार झालेले मंद रूप जसेच्या तसे घरात पसरेल, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही.

कुष्ठकार्य_निवृत्त (चंद्रपूर जिल्हा) यांचा प्रतिसाद

मी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या अखत्यारीत कुष्ठरोग कार्यक्रमात नोकरी केली, आता निवृत्त आहे. वरील चर्चेत एका जंतूची आठवण व्हावी असे वाटते, कारण दत्तपूर, आनंदवन आणि तपोवन ही कुष्ठसेवेची केंद्रे ज्या मुलखात उभी राहिली त्या मुलखात जागा निवडणाऱ्या जंतूचे याहून ठळक उदाहरण नाही.

कुष्ठरोगाचा जंतू शरीराचा थंड भाग निवडतो. साधारण २७ ते ३३ अंश तापमानात तो चांगला वाढतो, आणि म्हणून नाक, कानाच्या पाळ्या, चेहरा, कोपराजवळील आणि गुडघ्याजवळील वरवरच्या नसा येथे त्याचे परिणाम दिसतात. काख, जांघ आणि केसांखालची कवटीची त्वचा ही उबदार ठिकाणे बहुधा सुटतात. रुग्ण तपासताना आम्ही कानाच्या पाळीला आणि कोपराच्या नसेला हात लावल्याशिवाय राहत नसू, ते याचमुळे. हान्सन यांनी १८७३ मध्ये हा जंतू दाखवला, परंतु आजतागायत तो काचपात्रातील कोणत्याही कृत्रिम खाद्यावर वाढवता आलेला नाही. १९६० मध्ये उंदराच्या पंज्याच्या तळव्यात तो वाढवण्यात यश आले, आणि पुढे आर्मडिलो या प्राण्यात, ज्याचे शरीर आपल्यापेक्षा थंड असते.

२००१ मध्ये त्याचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा कारण कळले. कामाची जनुके सुमारे १,६०० आणि मोडून पडलेली सुमारे १,१००. त्याचा चुलत नातेवाईक असलेल्या क्षयरोगाच्या जंतूत कामाची जनुके चार हजारांच्या घरात आहेत. नसेच्या आवरणातील पेशींत राहण्याची सवय लागल्यावर ज्याची गरज उरली नाही ते सगळे मोडीत निघाले. विभाजनाला त्याला १२ ते १४ दिवस लागतात, ई. कोलायला अनुकूल स्थितीत वीस मिनिटे पुरतात. अध्यापक महाशय म्हणतात तसे ‘जुने टाकून जुळवून घेणे’ येथे टोकाला गेलेले आहे, मात्र ते एका रुग्णाच्या शरीरात झालेले नसून हजारो वर्षांत झालेले आहे, हा फरक ध्यानात ठेवावा.

पेट्रीडिश (प्रयोगशाळा तंत्रज्ञ) यांचा प्रतिसाद

वरील सर्व प्रतिसादांत जंतूचे गुण सांगितले आहेत, पण प्रयोगशाळेत आमच्या बाकावर ते कसे दिसतात आणि का निसटतात हेही सांगणे आवश्यक आहे.

हाडातील जुन्या संसर्गातून स्टॅफिलोकोकस ऑरियसची ‘लहान वसाहतींची रूपे’ निघतात. नेहमीच्या जंतूची सोनेरी, ठळक वसाहत एका रात्रीत दिसते. ही रूपे टाचणीच्या टोकाएवढ्या, रंगहीन वसाहती करतात आणि दोन-तीन दिवसांनी दिसू लागतात. त्यांच्यात हीम किंवा मेनाडायोन तयार करणारी जनुके बिघडलेली असतात, त्यामुळे ऊर्जा बनवण्याची साखळी मंदावते. त्याचाच एक परिणाम असा की जेंटामायसिनच्या गटातील औषधे पेशीत नीट शिरत नाहीत, कारण ती आत जाण्यासाठी पेशीपटलावर पुरेसा विद्युतदाब लागतो. तुमच्या काकांच्या अहवालातील औषधांची यादी काकूंच्या यादीपेक्षा वेगळी असण्याचे हे एक संभाव्य कारण आहे. पण औषधांच्या यादीवरून वाण एक की अनेक हे ठरवू नये: पेनिसिलिनला दाद न देण्याचे जनुक बहुधा प्लाझ्मिडवर (जंतूंमध्ये देवाणघेवाण होणाऱ्या डीएनएच्या सुट्या कड्यावर) असते आणि ते येते-जाते, तर दोन परके वाणही योगायोगाने सारखीच यादी दाखवू शकतात.

गाईच्या बाबतीत एक सोपी खूण आहे. माणसांतील वाणांत गोठ्याच्या डॉक्टरांनी सांगितलेला तो विषाणू बहुधा बीटा-हिमोलायसिन या विषाच्या जनुकातच जाऊन बसतो आणि ते जनुक बंद पाडतो. गाईच्या वाणांत तो नसल्यामुळे हे विष शाबूत राहते, आणि मेंढीचे रक्त घातलेली जंतू वाढवण्याची बशी, म्हणजे प्लेट, ३७ अंशांवरून काढून फ्रिजमध्ये ठेवली की वसाहतीभोवतीचे धूसर वलय स्वच्छ होते. गाईची आणि काकूंची प्लेट शेजारी ठेवली तर कधी कधी एवढ्यावरच फरक डोळ्यांना दिसतो. ही खूण आहे, पुरावा नाही. वंश ठरवायचा असेल तर सात जनुकांची क्रमवारी किंवा संपूर्ण जनुकसंच पाहावा लागतो, आणि ती सोय तालुक्याच्या प्रयोगशाळेत नसते. तुमच्या उपचारासाठी ती गरजेचीही नाही.

वैद्य_गडचिरोली यांचा प्रतिसाद

सर्व श्रेय जंतूच्या जुळवून घेण्याला देण्याकडे चर्चेचा कल झुकतो आहे, त्याला माझी हरकत आहे. पुष्कळदा जंतू तोच असतो आणि जागाच बदललेली असते.

आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. अशा मुलाला हाडाचा संसर्ग झाला की डॉक्टर स्टॅफिलोकोकसबरोबर साल्मोनेला या आतड्यातून शिरणाऱ्या जंतूचाही विचार लगेच करतात, जे इतर निरोगी मुलांत क्वचित करावे लागते. येथे हाडासाठी खास घडलेला साल्मोनेलाचा वाण असतो असे नाही. विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींमुळे आतड्याच्या आणि हाडाच्या बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. आतड्याचे अस्तर जागोजागी कमकुवत होऊन जंतू रक्तात शिरतो, रक्तातून त्याला गाळून काढणारी प्लीहा लहानपणीच निकामी झालेली असते, आणि हाडाचा रक्तपुरवठा तुटलेला मृत भाग त्याला आयता आश्रय देतो. न्यूमोकोकससारखे आवरणयुक्त जंतू याच मुलांना अधिक बाधतात, तेही प्लीहेअभावी.

दुसरी गोष्ट योगायोगाची. रक्तातून हाडात किंवा इतर अवयवात जाणारे जंतू कित्येकदा मूठभरच असतात, आणि त्या मूठभरांत जो कोणी असेल त्याचीच संतती पुढे दिसते. त्याच्या अंगी असलेला एखादा बदल निरुपयोगी असूनही केवळ नशिबाने टिकलेला असू शकतो. म्हणून एका रुग्णातील एका जंतूचे जनुक पाहून ‘हा हाडासाठी जुळवून घेतलेला आहे’ असे म्हणणे घाईचे ठरते. अनेक रुग्णांत तेच जनुक पुन्हा पुन्हा बदललेले आढळले, तरच ते मान्य करावे.

अध्यापक_वर्धा यांचा प्रतिसाद

डॉक्टरसाहेबांची हरकत रास्त आहे आणि १०५ रुग्णांचा अभ्यास मी मुद्दाम दिला तो याचसाठी. तथापि दुसऱ्या बाजूचेही एक उदाहरण देतो. स्वीडनमधील एका मुलीच्या लघवीत ८३९७२ या क्रमांकाने ओळखला जाणारा ई. कोलायचा वाण तीन वर्षे होता आणि तिला जळजळ, ताप असे काहीच झाले नाही. त्याच्या जनुकसंचात मूत्रमार्गाला त्रास देणाऱ्या पूर्वजाच्या खुणा आहेत, पण चिकटण्याच्या तंतूंची जनुके एकामागून एक मोडलेली आहेत. तंतूंनी अस्तराला पकडले की सूज येते, सूज आली की श्वेतपेशी येतात. तंतू सोडून नुसते लघवीत पटापट वाढत राहणे हा त्याच जागेत राहण्याचा दुसरा मार्ग निघाला. जागा तीच, पूर्वज रोगकारक, आणि संततीने मात्र रोग करणे सोडूनच दिले. हे केवळ नशिबाने झाले असे मानणे मला जड जाते, कारण मोडलेली जनुके एकाच कामाशी संबंधित आहेत.

वावरवाला यांचा प्रतिसाद

गाय विकायची नाही, हे घरात सर्वांनी मान्य केले. धार आता मी काढतो. काकांच्या टाचेतून अजून थोडा पू येतो आणि डॉक्टरांनी पुन्हा नमुना घेण्याचे ठरवले आहे. या वेळी नमुना देताना आम्ही काही सांगावे काय?

पेट्रीडिश यांचा प्रतिसाद

सांगावे, आणि डॉक्टरांमार्फत सांगावे. छिद्रातून वाहणारा पू कापसाच्या काडीवर घेतला तर त्यात कातडीवरचे इतर जंतू मिसळतात, म्हणून शक्य असेल तर खोलवरचा हाडाचा तुकडा जाणे चांगले. काका सध्या प्रतिजैविके घेत असतील तर ती नमुन्यापूर्वी काही काळ थांबवायची की नाही, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. आपल्या मनाने बंद करू नका. मागणीपत्रावर केवळ ‘पू’ असे न लिहिता ‘टाचेच्या हाडाचा जुना संसर्ग, पूर्वी स्टॅफिलोकोकस ऑरियस’ असे लिहून घ्या आणि आधीच्या अहवालाची प्रत जोडा. एवढे वाचले की बाकावरचा माणूस प्लेट दुसऱ्या दिवशी ‘वाढ नाही’ म्हणून टाकून देत नाही, ती तीन दिवस किंवा त्याहून अधिक ठेवतो, टाचणीएवढ्या वसाहती दिसल्या तर त्या वेगळ्या करून पुन्हा लावतो. अशा वसाहती पुन्हा पुन्हा लावताना त्यांतील काही पेशी मूळच्या झपाट्याने वाढणाऱ्या रूपात परततात, म्हणून औषधांची चाचणी लहान आणि मोठ्या दोन्ही वसाहतींवर व्हावी, अशी विनंती डॉक्टरांनी त्याच मागणीपत्रावर लिहिली तर उत्तम.